निसळकाकांची हरकत

"एका सतरंजीवर माणसं किती बसतात?" कुलथ्यांनी विचारलं.

कुलथे आमच्या नगरपरिषदेचे अभियंते. प्रश्न चर्चच्या पाळकसाहेबांना होता आणि उत्तर टिपून घ्यायला कुलथ्यांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. पाळकसाहेब, म्हणजे रेव्हरंड अनुग्रह पारधे, सरळ पण फार सावध माणूस. ते थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ते बसणाऱ्यांवर आहे."

झालं. सभा तिथेच अडकली. नगरसेवक बबन डोईफोडे म्हणाले की पुरुष ऐसपैस बसतात, बायका सरकून घेतात, तेव्हा दोघांचा हिशेब वेगळा धरा. कुलथे म्हणाले, नियमात असा भेद नाही. मग डोईफोड्यांनी मांडीवरच्या पोरांचं काय, ते विचारलं. कुलथ्यांनी नियमावलीची पानं उलटली. मांडीवरच्या पोरांबद्दल सरकारने काहीच म्हटलेलं नव्हतं. चहा आला, गार झाला, पुन्हा आला, आणि आम्ही काही सतरंजीवरून उठलो नाही.

त्या समितीची सभापती मी होते. महिला राखीव वॉर्डातून निवडून आले होते, आणि त्याआधी शिवणक्लास चालवत होते. दिवाळीच्या तोंडावर गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज वेळेवर शिवून देणाऱ्या बाईला एक नियोजन समिती काय जड जाणार, अशी माझी समजूत होती. सुतार गल्लीतल्या चर्चच्या पार्किंगने ती समजूत पार उसवून टाकली.

प्रकरण तसं साधं होतं. आमच्या मांडवखेडचं चर्च दगडी आणि जुनं. मिशनच्या काळात ते बांधलं तेव्हा ख्रिस्ती घरं मोजकी होती, आणि येणारे पायी यायचे. नंतर आसपासच्या वाड्यांवरून माणसं यायला लागली, पोरं शिकून नोकऱ्यांना लागली, आणि रविवारच्या भक्तीला अर्धी मंडळी बाहेर अंगणात उन्हात बसायला लागली. म्हणून पाळकसाहेबांनी मागच्या बाजूला एक सभागृह वाढवायची परवानगी मागितली. नियम असा की जितकी आसनं, त्या मानाने आवारातच गाड्या लावायला जागा हवी. चर्चच्या आवारात हातगाडी वळली नसती. त्यातून तिथे आसनंच नव्हती. सतरंज्या होत्या. म्हणून तो प्रश्न.

एवढ्यावर निभावलं असतं. कुलथे वाईट माणूस नव्हता, काहीतरी अंदाजपंचे आकडा घालून त्याने वाट काढली असती. पण निसळकाका होते ना.

निसळकाका म्हणजे मधुकर निसळ. चर्चच्या अगदी समोर, गल्लीच्या दुसऱ्या अंगाला त्यांचं घर. रजिस्ट्रार कचेरीतून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीला टेकलेले, आदल्या वर्षी बायको गेलेली. मुलगी सासरी बडोद्याला. सडसडीत अंग, इस्त्रीचा सदरा, आणि खिशाला दोन पेनं. त्यांचं म्हणणं असं की रविवारी चर्चला येणारे लोक त्यांच्या फाटकापुढे गाड्या लावतात. म्हणणं खरं होतं. पण ते त्यांनी एकदा म्हणून सोडलं नाही. वर्षभर दर पंधरवड्याला त्यांचा अर्ज यायचा. कधी रुग्णवाहिका आली तर काय, कधी आगीचा बंब आला तर काय, कधी बैल उधळला तर काय. प्रत्येक अर्जाला वर व्यवस्थित विषय, मागे संदर्भ, आणि खाली प्रती कोणाकोणाला त्याची यादी. आमच्या कचेरीतले कारकून ते अर्ज नमुना म्हणून नव्या पोरांना दाखवायचे.

एका अर्जाबरोबर तर त्यांनी चर्चच्या फ्लेक्सचा फोटो जोडला. फ्लेक्सवर, सगळ्याच फ्लेक्सवर असतं तसं, 'हजारोंच्या संख्येने उपस्थित राहावे' असं लिहिलेलं होतं. निसळकाकांचं म्हणणं, चर्च स्वतःच हजारो म्हणतंय, तेव्हा पार्किंगही हजारोंचंच धरा. यावर माझी एक अख्खी सभा गेली. पाळकसाहेब शपथेवर सांगायला तयार होते की हजारो काय, नाताळलासुद्धा पाचशे होत नाहीत. छापणाऱ्याकडे मजकूर तयार असतो, आम्ही फक्त तारीख देतो. डोईफोडे म्हणाले, माझ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पण तेच होतं, आले होते चाळीस.

मी पहिल्याच सभेत सुचवलं होतं की चर्चच्या मागच्या रस्त्याला बैलबाजाराचं मैदान आहे. बाजार बुधवारी भरतो, रविवारी तिथे कुत्रं नसतं, तिथे गाड्या लावा आणि चालत या. सोपं होतं, म्हणून कोणालाच पटलं नाही. कुलथे म्हणाले, नियमात 'आवारातच' असं आहे. डोईफोडे म्हणाले, "ताई, आवं माणसं धुतल्याली कापडं घालून येत्यात. शेणातनं कशी जातील?" चर्चची मंडळी म्हणाली, म्हाताऱ्यांना चालवत नाही. निसळकाका म्हणाले की मैदानाची सूचना मोघम आहे. मी घरी येऊन भांडी आपटली.

डोईफोड्यांचा डाव वेगळा होता. बायपासला चर्चच्याच एका सधन माणसाची जमीन होती. तो ती चर्चला द्यायला तयार होता. डोईफोडे म्हणायचे, सगळं चर्चच तिकडे न्या, जागाच जागा, शंभर गाड्या लावा. त्या जमिनीला लागून डोईफोड्यांचे स्वतःचे प्लॉट होते, हे ते म्हणत नव्हते. पण मांडवखेडमध्ये कोणाचा प्लॉट कुठे आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

तेव्हा प्रश्न पार्किंगचा राहिलाच नव्हता. चर्च सुतार गल्लीत राहणार की बायपासला जाणार, एवढाच प्रश्न उरला होता. गल्लीतल्या ज्या म्हाताऱ्या काठी टेकत भक्तीला जायच्या, त्या बायपासला जाणार नव्हत्या. पाळकसाहेबांना ते दिसत होतं आणि त्यांची झोप उडाली होती. पण रोज कोणाशी भांडायचं त्यांच्यात बळ नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, कागद पुरे, जागेवर जाऊ. एका रविवारी मी, कुलथे आणि डोईफोडे टेप घेऊन सुतार गल्लीत गेलो.

निसळकाका आमच्या आधीच फाटकात उभे होते. फाटक जुन्या पद्धतीचं, लोखंडी, बाहेरच्या बाजूला उघडणारं. अंगणात एक लिंबाचं झाड होतं, फळांनी वाकलेलं, आणि खाली पिकून पडलेली लिंबं कोणी उचललेली नव्हती. मला ते बघवलं नाही. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या बायको, होत्या तेव्हा त्या झाडाची लिंबं गल्लीभर जायची. माझ्या क्लासमध्येसुद्धा यायची.

समोर पेटी-तबल्यावर गाणं चाललं होतं. कुलथे टेप धरून गल्लीची रुंदी मोजत होते आणि मध्येच स्कूटरवाले येऊन टेपवरून चाक नेत होते. काका मला प्रत्येक गाडीची माहिती देत होते. ही पांढरी शिक्षकाची, नेहमी तिरपी लावतो. ही ओम्नी दूधवाल्याची, ह्याला हॉर्न वाजवल्याशिवाय उतरता येत नाही. मी वैतागून विचारलं की अजून किती वेळ चालेल हे.

"हे तिसरं गाणं," काका म्हणाले. "मग उपदेश. आज पाहुणे पाळक आहेत, लांबवणार. दान गोळा करायचं राहिलंय अजून."

मी म्हटलं, तुम्हाला बरंच पाठ आहे.

तेवढ्यात पाळकसाहेबांच्या पत्नी पाणी घेऊन बाहेर आल्या. सगळे त्यांना पाळकीणबाईच म्हणायचे. ठेंगण्या, गोऱ्या, आणि बोलायला मोकळ्या. आम्हाला पाणी दिलं आणि एक पेला काकांपुढे धरून त्यांच्या रीतीने म्हणाल्या, "सलाम काका." काकांनी पेला घेतला नाही. तोंड वळवून ते घरात गेले आणि दार लावून घेतलं. पाळकीणबाई पेला हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या की काकू होत्या तोवर असं नव्हतं. काकू गेल्या आणि काकांनी आमचं नावच टाकलं.

मला काकांचा असा राग आला म्हणून सांगू. गाड्यांचा त्रास असेल, मान्य. पण हातातलं पाणी नाकारायचं, तेही सणावारी बायकोबरोबर ऊठबस असलेल्या बाईकडून, हे माझ्या डोक्यात गेलं. गावात काही लोक म्हणतच होते की म्हाताऱ्याला गाड्या नकोत असं नाही, चर्चच नको आहे. त्या दिवशी मलाही ते पटलं. मग म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं.

पुढची सभा शेवटची ठरवली. सभागृहात समितीची माणसं, पाळकसाहेब, पाळकीणबाई, चर्चचे दोन पंच, आणि मागच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन निसळकाका. कुलथ्यांनी मापं वाचली. डोईफोड्यांनी बायपासवर भाषण केलं. त्यात विकास हा शब्द इतक्या वेळा आला की शिपाई हसायला लागला. मग मी पाळकसाहेबांना विचारलं की तुमचं काय म्हणणं आहे.

पाळकसाहेब उभे राहिले. म्हणाले, आम्ही दमलो. शेजाऱ्याला त्रास देऊन भक्ती करायची नाही. म्हाताऱ्यांसाठी टेम्पोची काहीतरी सोय बघू. आम्ही बायपासला जातो. एवढं बोलून ते बसले. पाळकीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

डोईफोड्यांनी टाळी वाजवली. ती एकट्याचीच वाजली. मी ठराव सांगायला लागले आणि कारकून लिहायला लागला. सुतार गल्लीतील चर्चची जागा अपुरी असल्याने ते बायपासलगतच्या जागेत हलवण्यास ही समिती शिफारस करते. सूचक डोईफोडे. अनुमोदक कोण, असं विचारत मी मान वर केली.

मागून आवाज आला, "माझी हरकत आहे."

निसळकाका उभे होते. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. डोईफोडे मागे वळून म्हणाले, "आवं काका, तुमच्याच अर्जावर चाललंय ह्ये समदं. चर्च चाललंय की आता."

"चर्च हलवा असं मी कुठे लिहिलंय?" काका म्हणाले. "एकही अर्ज काढून दाखवा."

कुलथ्यांनी खरंच फाईल उघडली. मी ती त्यांच्या हातून घेऊन मिटली. आता मात्र माझा तोल गेला. सभापतीने कसं बोलावं याचे काही संकेत असतात, ते सगळे मी बाजूला ठेवले. म्हटलं, काका, वर्षभर तुम्ही आम्हाला पिळून काढलंत. तुमच्यापायी आम्ही सतरंजीवर माणसं मोजली, तुमच्यापायी गल्लीत टेप धरून फिरलो, आगीचे बंब आणि उधळलेले बैल ऐकून घेतले. आता ते लोक बिचारे उठून चाललेत, तर तुम्ही म्हणता जाऊ नका. गाड्या नकोत, चर्च हवं, पाणी दिलं तर घ्यायचं नाही, आणि गेले तर हरकत. तुम्हाला हवंय तरी काय? एकदा सांगा आणि मोकळं करा आम्हाला.

 काका पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत उभे होते. मला वाटलं, आता हे अपमान झाला म्हणून निघून जाणार. ते निघाले नाहीत.

"लोणचं," ते म्हणाले.

 

मग काका बोलायला लागले, आणि ते कोणाकडे बघून बोलत नव्हते. बाजरी निघाली की चर्चमध्ये हंगामाचा सण असतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. जो तो आपल्या शेतातलं, परड्यातलं काहीतरी आणून वाहतो. धान्य, भोपळे, कोंबड्या, अंडी. भक्ती झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो, आणि लोक एकमेकांवर चढून बोली लावतात. साधा दुधी सोन्याच्या भावाने जातो. सुमनकाकू चर्चच्या नव्हत्या, पण शेजारधर्म म्हणून दरवर्षी आपल्या झाडाच्या लिंबांच्या गोड लोणच्याची एक बरणी द्यायच्या. आणि काका दरवर्षी गल्लीत उभे राहून, चर्चच्या भिंतीपलीकडून, त्याच बरणीवर बोली लावायचे. आत कधी गेले नाहीत. काकू आत बायकांत बसून हसायच्या. गावातले चार जण मुद्दाम चढवायचे, काका संतापायचे, आणि शेवटी बरणी त्यांचीच व्हायची. आपल्याच घरचं लोणचं दामदुप्पट देऊन ते घरी आणायचे आणि वर्षभर तेच खायचे.

"जायच्या आधी तिनं बरणी घालून ठेवली होती," काका म्हणाले. "यांच्याकडे देऊन ठेवली होती. सणाला द्या म्हणून."

ते पाळकीणबाईंकडे बोट न दाखवता बोलत होते. "मी नऊ वाजल्यापासून तयार होतो. बाहेर यायला गेलो तर फाटकाला लागून जीप. फाटक बाहेर उघडतं. चार बोटं उघडेना. मी हाका मारल्या, फाटक वाजवलं. लाऊडस्पीकर होता. मी आतून ऐकत उभा, आणि बरणी तीन वार झाली. ज्याची जीप, त्यानंच घेतली. कुणाचा तरी जावई होता. घेऊन गेला."

मी म्हटलं, अहो मग हे अर्जात लिहायचं ना. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"विषय काय लिहू?" काका म्हणाले. "लोणचं?"

पाळकीणबाई कधी उठल्या ते कळलं नाही. त्या काकांपुढे जाऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "काका, मी लिलाव करणाऱ्या उजागऱ्यांना थांबवून धरलं होतं. दोन वार म्हणून ते थांबले, मी तुमच्या फाटकाकडे बघत राहिले. जीपमागे काही दिसेना. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम आला नाहीत. काकू गेल्या, आता आमच्याशी काही ठेवायचं नाही तुम्हाला."

"मला वाटलं, तुम्हाला विसर पडला," काका म्हणाले.

"मी त्या दिवशी जेवले नाही," पाळकीणबाई म्हणाल्या.

काका खाली बसले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले. डोईफोडे खिडकीतून बाहेर बघत होते. कुलथ्यांनी पेनाचं टोपण लावलं. आणि त्या माणसाला एक वर्ष मनातल्या मनात शिव्या घालणाऱ्या मला हुंदका आला, तो मी खोकल्यात घातला.

मग मी कारकुनाला तो ठराव खोडायला सांगितला. डोईफोडे काहीतरी बोलायला उठले. मी म्हटलं, बबनराव, तुमचे बायपासचे प्लॉट कुठे पळत नाहीत, बसा. ते बसले. बैलबाजाराचं मैदान दर रविवारी चर्चला पार्किंगसाठी, झाडून देण्याची जबाबदारी चर्चची. म्हाताऱ्यांना दारात सोडून गाड्यांनी मैदानावर जायचं. रविवारी गल्लीत चारचाकी उभी करायची नाही. कुलथे म्हणाले की नियमात 'आवारातच' आहे. मी म्हटलं, मुख्याधिकाऱ्यांना मी बघते. आणि शेवटचं कलम मी स्वतः सांगितलं: श्री. निसळ यांच्या फाटकासमोर कोणीही, कोणत्याही कारणास्तव, कसलेही वाहन उभे करू नये. काकांनी ते एकदा पुन्हा वाचायला लावलं आणि 'कसलेही'च्या जागी 'कोणत्याही प्रकारचे' असं करून घेतलं. त्यांची खोड काही गेली नव्हती.

मुख्याधिकाऱ्यांची सही व्हायला आणखी किती खेटे घालावे लागले ते सांगत बसत नाही. झाली एवढं खरं.

त्या वर्षी हंगामाच्या सणाचं मला बोलावणं आलं. मी नेहमीप्रमाणे उशिरा निघाले, स्कूटी गल्लीत कशीबशी लावली आणि आत पळाले. अंगणात लिलाव सुरू झालेला होता. दानियेल उजागरे हे चर्चचे पंच, बुधवारी बैलबाजारात दलाली करायचे, त्यामुळे आवाज खणखणीत. बाजरीची गोणी गेली, दोन कोंबड्या गेल्या, एक प्रचंड भोपळा गेला. मग पाळकीणबाईंनी एक चिनी मातीची बरणी आणून उजागऱ्यांच्या हातात दिली. काकांच्या झाडाची लिंबं, लोणचं पाळकीणबाईंनी घातलेलं, पण कृती सुमनकाकूंची.

"सुमनवहिनींचं लोणचं," उजागरे म्हणाले, आणि नेहमीपेक्षा हळू म्हणाले.

निसळकाका अंगणात होते. भिंतीपलीकडे नाही, आत, कडेला लावलेल्या एका खुर्चीवर. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी एक साधी बोली लावली, सुरुवातीची. सगळे त्यांच्याकडे बघून मायेने हसले. कोणीही वर बोललं नाही. सगळ्यांना आता ती गोष्ट माहीत होती. म्हाताऱ्याला त्याची बरणी सुखाने मिळू दे, असं सगळ्यांच्या मनात होतं, आणि माझ्याही.

उजागरे म्हणाले, "एक वार."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "बोला ना कुणीतरी," ते म्हणाले.

कोणी बोललं नाही. एक बाई म्हणाली, "घ्या काका, तुमचीच आहे ती."

"दोन वार."

मी काकांच्या तोंडाकडे बघत होते. ते तोंड उतरत चाललं होतं. हातातली पिशवी त्यांनी घट्ट धरली होती. "तिचं लोणचं एवढ्यात कधी गेलं नव्हतं," ते हळू म्हणाले, कोणालाही उद्देशून नाही. आणि मला एकदम त्या सगळ्या भल्या माणसांचा वैताग आला. वर्षभर भांडलात, आणि आज भांडायचं तर गप्प.

मी ओरडून बोली लावली. काकांच्या दुप्पट.

सगळी माझ्याकडे वळली. पाळकसाहेबांनी दचकून मला खूण केली की राहू द्या. काका मात्र ताठ झाले. त्यांनी चष्मा सारखा केला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि माझ्यावर चढवली. मी पुन्हा चढवली. मग पाळकीणबाईंना उमगलं. त्या पदर खोचून पुढे आल्या आणि त्यांनी माझ्यावर चढवली. मागून दूधवाला बोलला, तिरपी गाडी लावणारा शिक्षक बोलला, उजागऱ्यांचा आवाज पुन्हा बैलबाजारातला झाला. काका लालबुंद होऊन सगळ्यांना दटावत होते, ह्यांना लोणच्यातलं काय कळतं म्हणत होते, आणि बोली वाढवत होते. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. भोपळ्याच्या किती पट गेलं ते मी सांगत नाही, डोईफोड्यांचा विश्वास बसणार नाही. तीन वार झाले तेव्हा बरणी काकांची होती.

बरणी पोटाशी धरून ते खुर्चीकडे आले. धाप लागली होती. मी बाजूला उभी होते. म्हटलं, अभिनंदन काका, महागात पडलं.

"तुमच्यामुळे," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाई, ती निळी स्कूटी तुमचीच ना?"

मी हो म्हटलं.

"माझ्या फाटकापुढे आहे ती. आडवी."

मी जीभ चावली. घाईत लावली होती, बघितलंच नव्हतं. तो ठराव मीच केला होता, 'कोणत्याही प्रकारचे वाहन' हे काकांनी माझ्याकडूनच घालून घेतलं होतं. आता सोमवारी अर्ज येणार, विषय, संदर्भ आणि प्रतींसह, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मी पर्समध्ये किल्ली शोधत म्हटलं की आत्ता काढते.

काका खुर्चीवर बसले. बरणी मांडीवर ठेवली. पाळकीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला.

"राहू द्या," ते म्हणाले. "मी इथेच आहे."